इको-रिपोर्टमध्ये ‘हृदयात गाठ’ असे आल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये दम लागतो, पाय सुजतात किंवा चक्कर येते म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला जातो आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘डाव्या अलिंदात मास’, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गाठ, असे शब्द येतात. त्यानंतर घरोघरी दोनच प्रतिक्रिया दिसतात. एक, ‘कॅन्सर आहे, आता काही होत नाही’. दुसरी, ‘गाठच आहे ना, कापूस घरात आला की पाहू’. दोन्ही चुकीच्या आहेत. हृदयातच उगम पावणारी गाठ अतिशय विरळ असते, आणि अशा गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक गाठी कर्करोगाच्या नसतात. प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ मिक्सोमा ही होय. ती शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येते आणि बहुतेक रुग्ण पुन्हा शेतीकामाला लागतात. मात्र ती जागेवर असेपर्यंत कोणत्याही दिवशी तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो किंवा ती झडपेत अडकू शकते. म्हणून येथे प्रश्न धीर धरण्याचा नसून क्रम न चुकवण्याचा आहे. नेमका तोच क्रम वारंवार चुकताना दिसतो.

टप्पा १ : इको-रिपोर्ट पूर्ण करून घेणे

नुसते ‘मास दिसतो’ एवढे लिहिलेला रिपोर्ट शल्यविशारदाच्या उपयोगाचा नसतो. रिपोर्ट हाती घेताना इको करणाऱ्या डॉक्टरांकडून पुढील बाबी लेखी मागाव्यात : गाठ कोणत्या कप्प्यात आहे, तिची लांबी-रुंदी किती मिलिमीटर आहे, ती कोठे चिकटलेली आहे, बारीक देठावर हलते की रुंद बुडाने भिंतीत रुतलेली आहे, झडपेतून खाली-वर होते का आणि त्यामुळे रक्ताच्या वाटेत किती अडथळा येतो, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतील दाब किती आहे, आणि हृदयाच्या बाह्य आवरणात पाणी साठले आहे का.

यांतील तिसरी आणि चौथी बाब सर्वांत मोलाची आहे. मिक्सोमा साधारण ७५ ते ८० टक्के वेळा डाव्या अलिंदात असतो आणि बहुतेकदा दोन अलिंदांमधील पडद्यावरील फोसा ओव्हॅलिस नावाच्या खळग्याजवळ देठाने चिकटलेला असतो. हे चित्र स्पष्ट दिसले तर निदान जवळजवळ तेथेच होते. याउलट, उजव्या बाजूची, रुंद बुडाची, भिंतीत घुसलेली आणि आवरणात पाणी असलेली गाठ दिसली की घातक अर्बुदाची (कर्करोगाच्या गाठीची) शंका धरून वेगळ्या वाटेने जावे लागते. ती वाट पुढे सहाव्या टप्प्यात दिली आहे.

इकोची चलतचित्रे सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावीत. गाठ कशी हलते हे स्थिर चित्रात दिसत नाही. शिवाय इकोची चित्रे बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात ती मोटारसायकलच्या डिकीत ठेवली तर मुंबईला पोहोचेपर्यंत काळी पडलेली असतात. मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवावा, पण तो सीडीला पर्याय मानू नये.

*इशारा :* ‘गाठ विरघळवणारे’ कोणतेही औषध नाही. काढा, भस्म किंवा चूर्ण घेत तीन महिने वाट पाहणे म्हणजे तीन महिने तुकडा सुटण्याचा धोका पत्करणे होय.

टप्पा २ : ती खरोखर गाठ आहे, याची खात्री करणे

येथे घाईने होणारी चूक अशी की, रक्ताच्या गुठळीला अर्बुद किंवा अर्बुदाला गुठळी समजले जाते. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन मायट्रल (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील) झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्या भागात अजूनही बरेच दिसतात, आणि अशा रुग्णाच्या डाव्या अलिंदात गुठळी होणे सामान्य आहे. दोहोंत फरक करण्यासाठी काही खुणा आहेत. गुठळी बहुधा अलिंदाच्या कोपऱ्यातील पिशवीवजा भागात किंवा मागच्या भिंतीवर असते, नाडी अनियमित असते आणि झडप खराब असते. किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर न हलणाऱ्या डाव्या निलयाच्या (खालच्या कप्प्याच्या) टोकाला ती असते. झडप आणि हृदयाची हालचाल चांगली असताना पडद्यापासून देठाने लोंबणारी गाठ मिक्सोमाकडे बोट दाखवते. गुठळीची शंका बळकट असेल तर डॉक्टर काही आठवडे रक्त पातळ करणारे औषध देऊन इको पुन्हा करतात. हा निर्णय त्यांचाच असतो. मिक्सोमा त्या औषधाने लहान होत नाही आणि त्याचे तुकडे सुटणेही खात्रीने थांबत नाही.

याशिवाय झडपेवर जंतुसंसर्गाने वाढलेला भाग, उजव्या अलिंदातील जन्मजात पातळ पडदे आणि पडद्यातील साठलेली चरबी हेही गाठीसारखे भासू शकतात. मिक्सोमा स्वतःही फसवा आहे. त्याने ताप, वजन घटणे, सांधेदुखी आणि वाढलेला ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) अशी लक्षणे निर्माण होतात आणि रुग्ण कित्येक महिने टायफॉइड, क्षयरोग किंवा संधिवाताच्या गोळ्या खात राहतो. उलट बाजूने, ताप असलेल्या रुग्णाचे ब्लड कल्चर प्रतिजैविक सुरू करण्याआधीच घ्यावे लागते. नंतर घेतले तर संसर्ग आहे की नाही याचा निर्णय अवघड होतो.

पुढील तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, हे थोडक्यात असे :

१. अन्ननलिकेतून केला जाणारा इको, ज्याला टीईई म्हणतात. गाठीचे मूळ आणि लहान, दुसरी गाठ यातच उत्तम दिसते. सहा तास उपाशी असावे लागते.

२. पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे. या स्वस्त तपासण्या आहेत आणि म्हणूनच विसरल्या जातात. इतर अवयवांतून हृदयात पसरलेला कर्करोग हा हृदयात उगम पावणाऱ्या गाठीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतो. मूत्रपिंडाची किंवा यकृताची गाठ खालच्या महाशिरेतून चढत उजव्या अलिंदात पोहोचू शकते. अशा वेळी मूळ पोटात असते आणि आपण छातीत शोधत बसतो. मेंढ्या आणि कुत्री यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसात यकृतातील हायडॅटिड (जंतामुळे होणारे) गळूही यातच सापडते. ते हृदयातही क्वचित होते आणि त्याला चुकून सुई लागल्यास जीवघेणी ॲलर्जी उद्भवू शकते.

३. हृदयाचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन. गाठ नेहमीच्या जागी नसेल, रुंद बुडाची असेल किंवा गुठळीचा संशय फिटत नसेल तर हा हवाच. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे, चित्र उजळवणारे औषध) दिल्यावर गुठळी सहसा उजळत नाही, कारण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. अर्बुद बहुधा उजळते. तपासणीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) पाहावे आणि रुग्णाला आडवे झोपल्यावर दम लागतो हे तेथील डॉक्टरांना आधीच सांगावे.

माझे मत असे आहे की, इकोमध्ये मिक्सोमाचे चित्र निःसंदिग्ध असेल आणि गाठ झडपेत ये-जा करत असेल, तर केवळ एमआरआयची तारीख मिळत नाही म्हणून शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलणे योग्य नव्हे.

*इशारा :* ‘आधी तुकडा काढून तपासा’ असा आग्रह नातेवाईक धरतात. डाव्या बाजूच्या, मिक्सोमासारख्या दिसणाऱ्या गाठीची बायोप्सी केली जात नाही, कारण सुटलेला तुकडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. संपूर्ण गाठ काढल्यावरच ती प्रयोगशाळेत जाते.

टप्पा ३ : दवाखाना ठरवणे आणि कागद जुळवणे

ओपन हार्ट शस्त्रक्रिया नियमित होणारे केंद्रच निवडावे. खानदेशातून लोक साधारणपणे नाशिक, मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नंदुरबारकडून सुरतला जातात. नाशिकचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि मुंबईची केईएम व जे. जे. ही सरकारी किंवा महापालिकेची ठिकाणे आहेत. निघण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारावेत : हृदयशल्यविशारद सध्या आहेत का, शस्त्रक्रियेच्या वेळी टीईई वापरला जातो का, आणि प्रतीक्षा किती दिवसांची आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन महिने’ असे आले तर दुसरे केंद्र पाहावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्याआधी त्यालाच गाठावे आणि ‘या शस्त्रक्रियेचे पॅकेज या दवाखान्यात मंजूर आहे का’ हे विचारावे, कारण दवाखाना योजनेत असला तरी प्रत्येक उपचार तेथे योजनेत असतोच असे नाही. पूर्वमंजुरी मिळण्याआधी भरलेले पैसे परत मिळवणे कठीण जाते. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावात फरक असणे ही सर्वांत सामान्य अडचण आहे; लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर ती हमखास येते. तालुक्याच्या पुरवठा शाखेत ती आधीच दुरुस्त करावी. सुरतला जाणाऱ्यांनी राज्याच्या योजनेवर विसंबू नये. आयुष्मान कार्ड इतर राज्यांतही चालते, परंतु दवाखान्याकडून तशी खात्री करून घ्यावी. चौकशीसाठी फुले योजनेचा १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५ हे क्रमांक आहेत.

*प्रवासापूर्वी खातरजमा :* सीडी, जुने सर्व रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे, मूळ शिधापत्रिका, आधार, आणि रक्तगटाचा कागद एकाच पिशवीत आहेत ना? रुग्णाला ज्या कुशीवर कमी दम लागतो त्याच स्थितीत प्रवास करू द्यावा; गाठ जागा बदलते तसा दम कमी-जास्त होतो. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि शरीरातील पाणी कमी झाले तर झडपेशी अडलेल्या रक्ताचा प्रवाह आणखी घटून रुग्ण भोवळ येऊन पडू शकतो. रात्रीची गाडी पकडावी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने वाढवू नयेत.

टप्पा ४ : शस्त्रक्रियेआधीची तयारी

या टप्प्यात आपल्या भागासाठी एक तपासणी अत्यंत महत्त्वाची आहे, आणि बाहेरगावच्या दवाखान्यात ती सुचेलच असे नाही. नंदुरबार जिल्हा, धुळ्याचे शिरपूर-साक्री तालुके आणि सातपुड्याच्या पायथ्याची चोपडा, यावल, रावेरची गावे येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. हृदय-फुप्फुस यंत्रावर शरीर थंड केले जाते, प्राणवायू आणि रक्तातील आम्लता यांत चढउतार होतात. नेमक्या याच गोष्टींनी सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. म्हणून आधी सोल्युबिलिटी चाचणी आणि ती सकारात्मक आल्यास एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावे. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. दोन्ही स्थितींत भूलतज्ज्ञाला हे आधी कळले पाहिजे, म्हणजे तापमान आणि रक्त बदलण्याची योजना त्यानुसार ठरते. शाळेत किंवा आश्रमशाळेत मिळालेले लाल-पिवळे सिकलसेल कार्ड घरात असेल तर तेही सोबत न्यावे.

उरलेली तयारी थोडक्यात. वय ४० च्या पुढे असेल किंवा मधुमेह, तंबाखू, रक्तदाब असेल तर अँजिओग्राफी करतात. आधी लकवा येऊन गेला असेल तर मेंदूचा स्कॅन आवश्यक आहे, कारण शस्त्रक्रियेत हेपारिन देऊन रक्त पूर्ण पातळ करावे लागते आणि मेंदूत ताजा रक्तस्राव असल्यास तारीख बदलावी लागते. दात किडलेले किंवा पू झालेले असतील तर दाखवावेत. तंबाखू-चुना आणि मिसरी त्याच दिवशी बंद करावी. रक्तदाते किती लागतील हे रक्तपेढीकडून आधी विचारावे आणि दात्यांनी जेवून यावे.

गोळ्यांबाबत मात्र सविस्तर बोलावे. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या किमान ३ दिवस आधी बंद ठेवाव्या लागतात, अन्यथा साखर साधारण दिसत असूनही रक्तात आम्ल वाढते. ही बाब गोळी लिहून देणाऱ्या गावच्या डॉक्टरांना आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना एकमेकांकडून कळतेच असे नाही. म्हणून पाकिटे न्यावीत, नुसती नावे सांगू नयेत. कोणतीही गोळी स्वतःहून मात्र बंद करू नये.

*इशारा :* वाट पाहण्याच्या या दिवसांत अचानक तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, किंवा एखादा पाय थंड, फिकट आणि बधिर पडला, तर तुकडा सुटला असे समजून १०८ ला फोन करावा. लकव्याचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे नेऊ नये, पायाला तेल चोळू नये. पायाच्या बाबतीत सुमारे ६ तासांत रक्तप्रवाह मोकळा झाला तरच तो वाचण्याची आशा चांगली असते. दवाखान्यात पहिले वाक्य ‘हृदयात गाठ आहे’ हेच असावे, कारण त्यावर उपचाराची दिशा बदलते.

टप्पा ५ : शस्त्रक्रियेत काय, कोणत्या क्रमाने होते

बाहेर बसलेल्यांना तास मोजण्यापलीकडे काही कळत नाही, म्हणून हा क्रम दिला आहे. भूल दिल्यावर टीईई पुन्हा करतात, कारण मधल्या काळात गाठीचा आकार किंवा जागा बदललेली असू शकते. छातीचे मधले हाड उघडून, हेपारिन देऊन महाधमनी आणि दोन्ही महाशिरांत नळ्या घालतात व रुग्ण यंत्रावर जातो. तोवर हृदयाला शक्य तितके हलवत नाहीत. केळीचा पिकलेला घड खांद्यावरून उतरवताना जी काळजी, तीच येथे, कारण मिक्सोमा जेलीसारखा ठिसूळ असतो. महाधमनीला चिमटा लावून आणि हृदय थांबवून मगच अलिंद उघडतात. गाठ मुळासह आणि मुळाभोवतीच्या निरोगी पडद्याच्या कडेसह, शक्यतो एकसंध काढली जाते. मूळ मागे राहिले तर गाठ पुन्हा येण्याचा धोका उरतो. पडद्याला पडलेले छिद्र बहुधा रुग्णाच्याच हृदयावरणाच्या तुकड्याने बुजवतात, कप्पे सलाइनने धुऊन काढतात, उरलेले कप्पे आणि झडपा तपासतात, आणि हृदय सुरू झाल्यावर टीईईने झडप गळत नाही ना, पॅच नीट बसला ना, हे पाहतात. एकूण तीन ते पाच तास लागतात. अनुभवी केंद्रात मिक्सोमाच्या या शस्त्रक्रियेतील मृत्यूचा धोका सामान्यतः ५ टक्क्यांहून कमी असतो.

शल्यविशारदाला शस्त्रक्रियेनंतर दोनच प्रश्न विचारावेत : गाठ मुळासह निघाली का, आणि नमुना तपासणीला गेला का.

टप्पा ६ : गाठ मिक्सोमा नसल्यास

झडपेवरची लहान, समुद्री फुलासारखी दिसणारी पॅपिलरी फायब्रोइलॅस्टोमा ही गाठ साधी असली तरी गुठळ्या सोडते. हलणारी किंवा डाव्या बाजूची असेल तर बहुधा काढतात आणि झडप बऱ्याचदा वाचते.

सार्कोमा हा घातक कर्करोग, त्यातही उजव्या अलिंदातील अँजिओसार्कोमा, हा प्रकार वेगळा आहे. येथे बायोप्सी, पेट-सीटी आणि कर्करोगतज्ज्ञांसह एकत्रित निर्णय आधी, शस्त्रक्रिया नंतर. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्राचे मत घेतल्याशिवाय छाती उघडू नये, कारण अर्धवट काढलेल्या सार्कोमाने फारसा लाभ होत नाही आणि आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावे लागते. हे घरच्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे, जमीन गहाण टाकण्याआधी सांगितले पाहिजे. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) निघाला तर मुख्य उपचार केमोथेरपीचा असतो.

बाळाच्या हृदयात गाठ असल्याचे गर्भातल्या सोनोग्राफीत कळले, तर ती बहुधा ऱ्हॅब्डोमायोमा असते. या गाठी अनेकदा वाढत्या वयात आपोआप लहान होतात. रक्ताची वाट अडत नसेल आणि ठोके बिघडत नसतील तर शस्त्रक्रिया करत नाहीत. मात्र अशा बाळाची ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक विकारासाठी तपासणी करावी, विशेषतः अंगावर फिकट पानासारखे डाग किंवा झटके असल्यास. अशा बालकांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत पुढे पाठवता येते.

टप्पा ७ : घरी आल्यावर

साधारण आठवड्याभराने सुटी मिळते आणि नेमके येथेच सर्व सैल होते. छातीचे हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात. त्या काळात पाण्याची कळशी, खताची गोणी, लहान मूल यांपैकी काहीही उचलू नये, दुचाकी चालवू नये, आणि पलंगावरून उठताना हातांवर जोर देऊ नये. विळा-कोयत्याचे व फवारणीच्या पंपाचे काम तीन महिन्यांनंतर, डॉक्टरांना विचारून. खोकताना छातीशी उशी धरावी. एसटीने परत येताना मागची आसने टाळावीत.

जखमेतून पाणी, हाड कटकटणे, ताप, नाडी धडधडणे किंवा वाढता दम दिसला तर फोनवर सल्ला न मागता दाखवावे. अलिंदावर टाके असल्याने पहिल्या काही आठवड्यांत ठोके अनियमित होणे अनपेक्षित नाही. झडप बदलली असेल आणि ॲसिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची चाचणी) ठरल्या दिवशीच करावा; पालेभाजी बंद करायची नाही, तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे.

*खातरजमा :* पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हातात आहे ना? तो सुटीनंतर येतो आणि आणायला कोणी जात नाही. गाठीचे नाव त्याच कागदावर कायमचे ठरते. सुटी घेतानाच तो कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर मिळेल हे लिहून घ्यावे.

टप्पा ८ : दरवर्षीचा इको

एकेकटा मिक्सोमा पूर्ण काढल्यावर पुन्हा येण्याचे प्रमाण साधारण १ ते ३ टक्के आहे. परंतु रुग्ण तरुण असेल, गाठी एकाहून अधिक किंवा नेहमीच्या जागेबाहेर असतील, ओठांवर-पापण्यांवर तपकिरी-काळे ठिपके असतील किंवा नात्यात कोणाला अशी गाठ झाली असेल, तर कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. त्यात गाठ परत येण्याची शक्यता कितीतरी अधिक असते आणि आई-वडील, भावंडे व मुले यांचाही इको करावा लागतो.

बाकीच्यांनी वर्षातून एकदा इको करावा. महिना ठरवला नाही तर तो राहून जातो; आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर आणि खरिपाची पेरणी लागण्याआधीचे आठवडे त्यासाठी सोयीचे पडतात, कारण तेव्हा घरातले माणूस सोबत येऊ शकते. इको करणाऱ्याला जुनी सीडी दाखवावी आणि ‘पॅचची कड व चारही कप्पे पाहा’ असे चिठ्ठीवर लिहून न्यावे. जुनी गाठ होती हे सांगितलेच नाही, तर तो केवळ हृदयाची पंपिंग क्षमता पाहून ‘सर्व ठीक’ असा शेरा देण्याची शक्यता राहते.